दर पावसाळ्यात जुन्या मासिकांना बुरशी येते? डबा मे महिन्यात बंद करू नका

लक्षणं अशी. मे महिन्यात अंक नीट पुसले, डब्यात भरले, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि झाकण घट्ट लावलं. श्रावणात डबा उघडला तर कुबट वास, कव्हरवर करड्या-हिरव्या बुरशीची वर्तुळं, आणि मधली गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटलेली. मग ऑक्टोबरच्या उन्हात सगळं बाहेर काढायचं, पुसायचं, परत भरायचं. पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सलग सहा वर्षं झालं. दर वर्षी मी डबा बदलला, पुड्या वाढवल्या, डांबराच्या गोळ्या टाकल्या, कापूर टाकला. कारण भलतीकडेच होतं, म्हणून सविस्तर लिहितो. घरात पोथ्या, दिवाळी अंक किंवा जुने फोटो असतील त्यांनाही हे लागू पडेल.

माझा संग्रह शिकार आणि मासेमारीच्या जुन्या मासिकांचा. माझे थोरले काका व्यापारी बोटींवर इंजिन खात्यात होते. रत्नागिरी जिल्ह्यात घरटी एक माणूस बोटीवर असायचा तो काळ. कोणी घड्याळं आणली, कोणी ट्रान्झिस्टर. काकांनी दर फेरीत मासिकं आणली. परदेशी बंदरांत खलाशांसाठी जे क्लब असत, तिथे वाचून झालेले अंक पडलेले असायचे, ते ट्रंकेत भरून घरी. फील्ड अँड स्ट्रीम, आउटडोअर लाइफ, स्पोर्ट्स अफील्ड, आणि लंडनचं द फील्ड. त्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नाही, पण खाडीवर गरवायला बसले की उठायचे नाहीत. जिताडा आणि तांबोशी हे मासे त्यांच्या जीवाभावाचे. अमेरिकेतला माणूस ट्राउटसाठी कुठला गळ बांधतो, हे ते पडवीत बसून आम्हाला चित्रं दाखवत समजावत. त्या ट्रंकेत पुढे मी मुंबईच्या फुटपाथवरून आणि रद्दीवाल्यांकडून शोधलेल्या अंकांची भर घातली. आज तीनशेच्या वर अंक आहेत.

या अंकांत नुसत्या शिकारकथा नाहीत. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अमेरिकन अंकांची मागची पानं चाळा. भारतात येऊन वाघ मारा म्हणणाऱ्या शिकार कंपन्यांच्या छोट्या छोट्या जाहिराती सापडतात. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि तो सगळा धंदा संपला. आपल्या जंगलांची तेव्हा काय किंमत लावली जात होती, हे त्या चार ओळींच्या जाहिरातींत दिसतं. म्हणून बुरशीने खाल्लेलं एक पानसुद्धा मला लागून राहतं.

खरं कारण: पाणी कागदातच असतं

आपण समजतो की ओलावा बाहेरून डब्यात शिरतो. थोडा शिरतोच. पण मोठा साठा आपणच आत भरलेला असतो. कागद भोवतालच्या हवेतून पाणी शोषून घेतो आणि हवा कोरडी झाली की सोडतो. हवेतली आर्द्रता 50 टक्के असेल तेव्हा कागदात त्याच्या वजनाच्या साधारण 6 ते 7 टक्के पाणी असतं. आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की तेच 9 ते 10 टक्क्यांपर्यंत जातं. एका डब्यात 10 किलो अंक मावतात, म्हणजे पस्तीस-चाळीस. त्या दोन स्थितींमधला फरक ढोबळमानाने 300 मिलिलिटर पाण्याचा झाला, चहाचे तीन कप. वरून कागद पूर्ण कोरडा लागतो, हाताला काही कळत नाही.

आता पुड्यांचा हिशोब करा. बुटांच्या खोक्यात येते तशी 5 ग्रॅमची पुडी एक-सव्वा ग्रॅम पाणी धरते. अशा सहा पुड्या टाकून मी तीन कप पाण्याशी लढत होतो.

बुरशीचं गणितही साधं आहे. आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली आणि हवा हलली नाही, की ती वाढते. बीजाणू सगळीकडे असतातच, कागदावरही असतात. त्यांना वाट असते ती ओलाव्याची.

मग मे महिन्यात काय चुकतं? आपल्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, सगळी कामं मे महिन्यात होतात. पापड, लोणची, लाकडं, कौलं, आणि त्याच ओघात कपाटंही भरली जातात. ऊन कडक असतं, म्हणून हवा कोरडी आहे असं वाटतं. पण अंगाला घाम का सुटतो आणि वाळत का नाही? कारण समुद्रावरचा वारा दिवसभर पाणी घेऊन येतो. मे अखेरीला मी भरलेल्या डब्यात हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, ठेवून झाकण लावलं, दुसऱ्या दिवशी आकडा 74 टक्के. बाहेर पाऊस पडायला दहा दिवस अवकाश होता आणि माझे अंक आतल्या आत बुरशीला तयार होते.

कोकणात वर्षातला खरा कोरडा काळ पौष-माघाचा. त्यातही वेळ असते. पहाटेपासून मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो कोरडा. उन्हं वर आली, साधारण अकरा-बारा वाजले, की वारा फिरतो आणि खारे वारे सुरू होतात. होडीवर जाणाऱ्या कोणालाही विचारा, तो मिनिटात सांगेल. पहाटे दव असतं म्हणून तेव्हाही नाही. नऊ ते अकरा हा वेळ. गेल्या वर्षी जानेवारीत आठ दिवस मी अंक माजघरात टेबलावर उभे, थोडे उघडे ठेवले, नऊला दारं उघडायची, अकराला बंद. नवव्या दिवशी डबे भरले. आतला आकडा 54. श्रावणात 57. सहा वर्षांत पहिल्यांदा वास आला नाही.

आठ दिवस का, तर गठ्ठ्याच्या मधला कागद पाणी फार सावकाश सोडतो. एका सकाळीत फक्त कव्हर कोरडं होतं.

हायग्रोमीटर आधी तपासून घ्या

काही शे रुपयांत डिजिटल मिळतो, पण स्वस्तातला दहा-दहा अंकांनी चुकतो. तपासायची रीत घरातली आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून जाता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत शेजारी ठेवा, हवाबंद करा, रात्रभर राहू द्या. पिशवीतली हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते. तुमचं यंत्र 69 दाखवत असेल तर ते 6 ने कमी दाखवतं. यंत्राच्या पाठीवर तसा कागद चिकटवून ठेवा.

डबा आणि भिंत

झाकणाला रबरी पट्टी असलेला, कडेच्या खिट्यांनी आवळणारा डबा घ्या. तळाला त्रिकोणात आकडा असतो. 5 म्हणजे पॉलिप्रोपिलीन, 2 म्हणजे जाड पॉलिथीन, दोन्ही चालतात. 3 म्हणजे पीव्हीसी, तो नको. त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते आणि कागद पिवळा पडतो. अंकांच्या पारदर्शक पिशव्यांनाही हाच नियम.

सिलिका जेल सुटं किलोवर मिळतं, नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, तो घरात नको. जानेवारीत भरलेल्या डब्याला अर्धा किलो पुरतं, कारण त्याला फक्त झिरपणारा ओलावा धरायचा आहे. मे महिन्यातच भरायची वेळ आली तर 10 किलो कागदाला दीड किलो लागेल, आणि आठवड्याने ते काढून पुन्हा भाजून ठेवावं लागेल. ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. सुती पिशवीत बांधून ठेवा, दाणे पानांत जाता कामा नयेत.

आता भिंत. आमचं घर जांभ्याचं. जांभा पावसाळाभर पाणी पितो, आणि पश्चिमेची भिंत आतून गार राहते. डबा तिला टेकवला तर डब्याची तेवढी बाजू गार होते, आणि कागदातला ओलावा सरकत त्या बाजूला गोळा होतो. माझ्या नोंदवहीत सहाही वर्षांत सर्वात खराब झालेले अंक भिंतीकडच्या रांगेतले आहेत. डबा आतल्या भिंतीकडे, भिंतीपासून चार बोटं सोडून, खाली लाकडी फळी. माळ्यावर नको. कौलांखाली दुपारी ताप आणि रात्री गारवा, रोजचा हेलकावा. लोखंडी कपाट असेल तर खालच्या खणात मंद दिवा लावायची जुनी पद्धत खरी आहे. हवा 26 अंशांवरून 31 वर गेली तर 85 टक्के आर्द्रता 64 च्या आसपास उतरते. पण तांबडा होणारा बल्ब कागदाजवळ रात्रंदिवस ठेवायला मी तयार नाही, तुम्हीही ठेवू नका.

पावसात सापडलीच तर

श्रावणात बुरशी दिसली की पहिली ऊर्मी असते फडक्याने पुसायची. थांबा. ओली बुरशी लुसलुशीत असते, पुसली की कागदात घासली जाते आणि डाग कायमचा. तो अंक उचलून झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा, आणि बाकीच्यांपासून वेगळा करा. फ्रीझरमध्ये जागा असेल तर तिथे ठेवा. गारठ्याने बुरशी मरत नाही, पण वाढ थांबते आणि कोरडे दिवस येईपर्यंत अंक टिकतो. पावसात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते, म्हणून पिशव्या दोन घालतो.

घरात एसी असेल तर ऑक्टोबरची वाट बघायची गरज नाही. खोली बंद करून ड्राय मोडवर ठेवा, पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, अंक उभा अर्धवट उघडा. तीन-चार दिवसांत बुरशी सुकते, भुकटीसारखी होते. आता एन-95 मास्क लावून अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, मऊ ब्रशने झटका. ब्रश कण्याकडून बाहेरच्या कडेकडे, कधीही उलट नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं. डबा साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा. पानांना स्पिरिट लावू नका, जुनी शाई कधी कधी पसरते.

आणि कडक उन्हात घालू नका. आपल्या आई-आजींनी सगळं उन्हात घालून टिकवलं हे खरं, पण गोधडी आणि छापील कागद यांत फरक आहे. दोन दुपारींत कव्हरवरचा तांबडा उडतो आणि कागद कडक होतो. सावली आणि वारा एवढंच पुरे.

चिकटलेली पानं

यात सर्वात जास्त नुकसान होतं. गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा, म्हणजे केओलिनचा थर असतो, आणि तो स्टार्च किंवा केसीनसारख्या चिकट द्रव्याने बसवलेला असतो. पाणी लागलं की थर मऊ होतो आणि समोरच्या पानाच्या थराला मिठी मारतो. त्याच अवस्थेत सुकला तर दोन पानांची एक पाटी होते आणि ती सुटत नाही.

म्हणून अंक भिजला तर तो बंद अवस्थेत सुकू द्यायचा नाही, हाच नियम. ओला असतानाच पानापानांत बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद सरकवा. एवढा वेळ नसेल तर तसाच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि नंतर एकेक अंक काढून करा. एकदा कौल फुटून गळती झाली, अकरा अंक भिजले. मी आठ तसेच पंख्याखाली ठेवले, तीन फ्रीझरमध्ये गेले कारण टेबलावर जागा उरली नव्हती. आज ते तीनच उघडतात.

सुकून चिकटलेल्या पानांना ओढू नका. कुठल्या तरी कोपऱ्यात सुटी जागा असते, तिथून पातळ, बोथट प्लॅस्टिकची पट्टी सपाट धरून सरकवत न्या. अडली की थांबा. पान फाटण्यापेक्षा बंद राहिलेलं बरं. आणि त्याआधी जी पानं उघडतात त्यांचे फोटो काढून ठेवा.

सगळ्या अंकांना हा धोका सारखा नाही. स्पोर्ट्स अफील्ड 1887 चं, फील्ड अँड स्ट्रीम 1895 चं, आउटडोअर लाइफ 1898 चं, तर द फील्ड थेट 1853 पासूनचं. इतक्या लांबच्या पल्ल्यात कागद अनेकदा बदलला. लाकडाच्या लगद्याचा जुना कागद चिकटत नाही, पण आम्लामुळे तपकिरी होतो आणि कोपऱ्यात तुकडे पडतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कागदावर रेशन होतं, तेव्हाचे अंक बारीक आणि निकृष्ट कागदावरचे, ते मी प्रत्येकी वेगळ्या आम्लरहित कागदात गुंडाळतो. चिकटण्याचा खरा धोका 1950 नंतरच्या चकचकीत अमेरिकन अंकांना, आणि आर्ट पेपरवर चित्रं छापलेल्या जुन्या नियतकालिकांना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या 1886 पासूनच्या जर्नलचे सुटे खंड कोणाकडे असतील तर त्यातली चित्रपानं आधी तपासा.

कसर

बुरशी नाही, पण कव्हरवर खरवडल्यासारखे उथळ पांढुरके पट्टे दिसतात, तर ती कसर, कागद कुरतडणारा किडा. कडा वेड्यावाकड्या असतात, आरपार भोक नसतं. माझ्याकडे 1957 चा आउटडोअर लाइफचा एक अंक आहे. कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी डकवलेली होती. भिंग धरून पाहिलं तर चिठ्ठीचा कागद जाळीसारखा झालेला, पत्त्यातलं शहराचं नाव गेलेलं, आणि चिठ्ठीच्या कडेने बरोबर चौकटीच्या आकारात कव्हरचा रंग खरवडलेला. बाकी कव्हरला धक्का नाही. कसरीला खळ हवी होती, ती मिळाली तेवढंच तिने खाल्लं. तेव्हापासून नवीन आलेल्या अंकांत मी आधी चिठ्ठी, मग कणा आणि मग मधली जोडपत्रं बघतो.

उपाय गारठ्याचाच. अंक झिपच्या पिशवीत, हवा काढून, उणे 18 अंशांवर दोन आठवडे. अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार कागदावर दव धरतं. रद्दीतून आलेला प्रत्येक अंक घरातल्या डब्यात जाण्याआधी माझ्याकडे हे दोन आठवडे भोगतो. टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके, धावणारे किडे दिसले तर ते बुरशी खाणारे असतात. त्यांच्यामागे लागू नका, आर्द्रतेचा आकडा बघा.

काय टाकू नये: डांबराच्या गोळ्या बुरशीला रोखत नाहीत आणि वास वर्षानुवर्षं कागदात राहतो. तांदळाची पुरचुंडी ओलावा नावापुरता घेते आणि सोंडे आणते. कपाटात टांगायच्या, खाली पाणी साठवणाऱ्या पिशव्या कपड्यांना ठीक, पण ते पाणी खारट असतं आणि पिशवी फुटली तर अंक गेलाच. कडुनिंबाचा पाला थेट पानांत ठेवला की डाग पडतो. वेखंडाची पुरचुंडी जुन्या पोथ्यांच्या बासनात असायची, ती मीही डब्याच्या कोपऱ्यात ठेवतो, पण सिलिका जेलच्या जागी नाही. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कधीच नाही.

पिना

ही कोकणातली खास अडचण, कारण हवेत मीठ आहे. मिठाचे कण धातूवर बसतात, ओलावा ओढतात आणि पीन आतून फुगते. आधी तिच्याभोवती तांबूस कडं, मग कागद करपल्यासारखा होऊन मधलं जोडपान सुटतं. कडं दिसलं की पीन काढायचीच, वाट बघायची नाही. अंक मधोमध उघडा. पिनेच्या दुमडलेल्या टोकांखाली आधी जाड कागदाचा कपटा सरकवा म्हणजे पान खरवडणार नाही, मग बोथट सुरीच्या पात्याने टोकं सरळ उभी करा. अंक उलटा करून पीन कण्याकडून बाहेर काढा, ओढून नाही, हलवत हलवत. गंजाने अर्धी झालेली असेल तर तुकड्यांनी निघते. भोकांतली तांबडी पूड कोरड्या ब्रशने झटका. मग त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवा, आतून बाहेर, बाहेरून आत, आणि मधल्या पानावर सैलसर गाठ मारा. फार आवळली तर कागद दोऱ्यावर फाटतो. एका अंकाला वीस मिनिटं लागतात. मी संध्याकाळी पडवीत बसून दोन करतो, आणि आता तिसऱ्या डब्यापर्यंत आलो आहे.